पोत्याखालचं घड्याळ

दादाने बोलावले की जायचे, यात अक्काला कधी अवघड वाटले नव्हते. घरात ती सगळ्यांत थोरली आणि दादा तिच्या पाठचा. पण कारखान्यात तो मुकादम आणि ती त्याच्या हाताखाली अननस सोलणारी, त्यामुळे कुणी कुणाला बोलवायचे हे वयाने नव्हे, कामाने ठरून गेले होते. या वेळी मात्र निरोप घेऊन दादाची मुलगी चिमणी आली आणि निरोपात "काकालाही घेऊन ये" असे, म्हणजे धाकट्या भावालाही बोलावणे होते. अक्काने ओळखले की बोलावणे जेवणाचे असले तरी पुढे काहीतरी वेगळेच वाढून ठेवलेले असणार.

धाकट्याचे पुस्तक बाजारात आल्याला पाच महिने झाले होते. त्या पाच महिन्यांत दादाने धाकट्या भावाचे नाव घेतले नव्हते. घ्यायची वेळ आलीच तर अक्काकडे बघून "तुझा लेखक" म्हणायचा, जणू तिनेच त्याला कुठून तरी उचलून आणले होते. एका अर्थी ते खरेही होते. आई गेली तेव्हा धाकटा सहा वर्षांचा होता आणि अक्का सोळाची. त्याच महिन्यात ती डबाबंद अननसाच्या कारखान्यात लागली. पुढे दोन वर्षे तिने संसार करून पाहिला. तो मानवला नाही, म्हणून परत आली आणि आपली जुनी सुरी मागून घेऊन पुन्हा ओळीत उभी राहिली. धाकटा आता पंचेचाळिशीला आला होता. वाचनालयात कारकून होता आणि त्यामागच्याच खोल्यांत अक्काबरोबर राहत होता. दिवसभर लोकांना पुस्तके द्यायची, परत आलेली झटकून ठेवायची, आणि तिघांपेक्षा जास्त माणसे समोर आली की चष्मा पुसत बसायचे. अशा माणसाने कारखान्यावर कादंबरी लिहिली आणि ती वाचून सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, हे अजून त्याचे त्यालाच खरे वाटत नव्हते.

रविवार होता. बॉयलर धुवायचा म्हणून कारखाना बंद होता, तरी क्वार्टरच्या रांगेत शिरताच तो ओळखीचा आंबूस गोड वास आला. मोसमाचा दुसरा आठवडा. वाटेत धाकटा दोनदा थांबला.

"अक्का, मी काय सांगू तिथं?"

"विचारलं तर सांग. नाही विचारलं तर जेव."

दार वहिनींनी उघडले. अक्काला "या" म्हणाल्या आणि धाकट्याला "जोडे बाहेरच राहू देत, भाऊजी" म्हणाल्या. सगळ्यांचेच जोडे बाहेर होते. धाकट्याने आपले काढून, जुळवून, पुन्हा एकदा सरळ करून ठेवले.

जेवताना कुणी विषय काढला नाही. दादा ताटाकडे बघून जेवत होता. लहानपणी गणित चुकले की तो असाच जेवायचा. पाणी पिताना अक्काच्या हातून पेला निसटला, तेव्हा वहिनी सवयीने म्हणाल्या, "अगं चिमणे, आत्याला कानाचा कप दे म्हणून किती वेळा सांगितलं." अक्काच्या हातून भांडी निसटतात हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. ती धांदरट आहे, एवढाच त्याचा अर्थ आजवर लावला गेला होता, आणि अक्कानेही तो कधी खोडून काढला नव्हता.

शेवटी चिमणीने तोंड उघडले. ती कारखान्यात लेबलांच्या खात्यात होती. आता प्रत्येक डब्यावर दुसरे एक लेबल लावायचे आहे, असे तिने सांगितले. हिरव्या रंगाचे आणि वर ठळक अक्षरांत, 'हाताचा स्पर्श न होता भरलेले'.

"मग आम्ही काय पायानं सोलतो?" अक्का म्हणाली.

वहिनींना हसू आले. ते त्यांनी पदार्थ वाढण्याच्या निमित्ताने लपवले. दादा हसला नाही. पण धाकट्याने मान वर केली आणि आल्यापासून पहिल्यांदा आपण होऊन बोलला. त्याला वाचकांची त्रेचाळीस पत्रे आली होती. बहुतेकांनी लिहिले होते की पुस्तक वाचून डोळ्यांत पाणी आले आणि आम्ही डब्यातला अननस खाणे सोडले. काहींनी विचारले होते, डब्यात कातडीचे तुकडे तर नसतात ना? एका गृहस्थाने घरातले सहा डबे फोडून, गाळून पाहिले होते आणि काही सापडले नाही म्हणून तो लेखकावर रागावला होता.

"बायकांच्या हातांचं काय झालं, ते कुणीच विचारलं नाही," धाकटा म्हणाला. "माझंच लिहिणं कमी पडलं असणार."

अक्काला त्याची कीव आली आणि थोडा रागही आला. हा माणूस चांगले झाले तरी स्वतःला दोष देणार आणि वाईट झाले तरी स्वतःलाच देणार. पुस्तक तिने स्वतः वाचले नव्हते. जेवणाच्या सुट्टीत चिमणी सोलणाऱ्या बायकांना रोज चार पाने वाचून दाखवायची. बायकांनी ते मन लावून ऐकले होते, आणि त्यांच्या तक्रारी दोनच होत्या. एक म्हणजे नायिका फार रडते, इतके रडायला वेळ कुणाला असतो? आणि दुसरी, ती अननसाचे डोळे काढताना सुरी उलटी धरते. तशी धरली तर पहिल्याच दिवशी बोट जाईल. ही दुसरी चूक अक्काने धाकट्याला सांगितली तेव्हा त्याने दोन दिवस नीट जेवण केले नव्हते.

जेवणे झाली. वहिनींनी टेबल पुसले. दादा आतल्या खोलीतून एक जाड पाकीट आणि शाईची डबी घेऊन आला, आणि दोन्ही टेबलावर ठेवून काही वेळ त्यांच्याकडे बघत उभा राहिला.

मग त्याने सगळे सांगितले, एकेक गोष्ट क्रमाने, ओळीवर काम वाटून द्यावे तसे. बुधवारी समितीच्या बाई येणार. त्याआधी सोलणाऱ्या चाळीस बायकांकडून चाळीस कागद तयार करून घ्यायचे. प्रत्येक कागदावर छापले आहे की कादंबरीत लिहिलेले सर्व काल्पनिक आहे. पाळी ठरल्या वेळी सुटते, हातमोजे मिळतात, आणि अननस सोलून बोटांची कातडी जाते, रेषा पुसल्या जातात, हेही खोटे आहे. खाली अंगठा. सही चालणार नाही. सही कुणीही मारतो, अंगठा ज्याचा त्याचाच, असे वरच्या ऑफिसातल्या साहेबांचे म्हणणे. एरवी कारखान्यात कधी कुणाचा अंगठा घेत नसत. पगार बिल्ला दाखवून मिळायचा. आणि हे कागद दादाने स्वतः बाईंच्या हातात द्यायचे होते. कारखान्याच्या ऑफिसातून गेले तर ते ऑफिसचे वाटतील. मुकादमाने दिले तर कामगारांच्या मनचे वाटतील.

"साहेब म्हणाले, पहिला अंगठा घरचा घ्या," दादा म्हणाला. "पुस्तक तुमच्या घरात शिजलं, तर घरातूनच सुरुवात होऊ दे."

"आणि नाही घेतला तर?" चिमणीने विचारले.

दादा भिंतींकडे, छताकडे बघू लागला. क्वार्टर कंपनीची होती. या दोन खोल्यांत तिघांचे वडील, आप्पा, राहिले, वारले. याच खोल्यांत दादाचे लग्न होऊन वहिनी आल्या आणि चिमणी जन्मली. वहिनींनी शाईची डबी उचलली, झाकण घट्ट आहे का पाहिले, पुन्हा खाली ठेवली. त्या म्हणाल्या की मागच्या अंगणातली मोरी त्यांनी स्वतः बांधून घेतली आहे. एवढेच म्हणाल्या. पण ज्याने ऐकायचे त्याने ऐकले.

धाकट्याने चष्मा काढला. कुणाचा काही त्रास नको, म्हणाला. तो स्वतःच वर्तमानपत्रात लिहून देईल की सगळे मनाने रचलेले आहे. कादंबरी म्हणजे शेवटी रचलेलीच असते, त्यात खोटे काही नाही. अक्काने बेलाशक अंगठा द्यावा.

अक्काला वाटले होते, एवढ्यावर दादा शांत होईल. पण त्याला झोंबले होते ते वेगळेच होते.

"पुस्तकावर तू खोटं नाव घातलंस," दादा म्हणाला. "गाव बदललंस. नसलेली नदी आणलीस. मुकादमाला मिशा दिल्यास. आणि एवढं सगळं करून पोतं तेवढं तसंच ठेवलंस. अरे, घड्याळावर पोतं घालणारा कारखाना जगात एकच आहे. तुझं नाव त्या पोत्यानं फोडलं."

धाकटा गोंधळून सगळ्यांकडे बघू लागला. "मला वाटलं," तो म्हणाला, "सगळ्याच कारखान्यांत असतं."

मग चिमणी हसली आणि तिच्या पाठोपाठ वहिनींनाही राहवले नाही. पण धाकटा थट्टा करत नव्हता. त्याला कळायला लागल्यापासून घरात तेच बोलणे असायचे. मोसम आला की पोते चढले, मोसम गेला की पोते उतरले. पाळी कधी सुटणार हे ओळीतल्या बायकांना कळू नये म्हणून मोसमभर भिंतीवरचे घड्याळ झाकायचे, ही रीत आप्पांनी ते मुकादम असताना घातली. त्यांच्यामागे दादाने ती चालवली. मूल जसे समजते की सगळ्यांच्या घरी चूल आपल्यासारखीच असते, तसे धाकट्याने समजून टाकले होते. दुसरा कारखाना त्याने आतून कधी पाहिलाच नव्हता. खरे तर हाही नीट पाहिला नव्हता.

दादा मात्र आणखी गंभीर झाला. "तुझ्या पुस्तकात मुकादम घड्याळ झाकतो आणि हसतो. आप्पा हसले होते?"

"मला माहीत नाही," धाकटा म्हणाला. "मी नव्हतो तिथं."

"मीही नव्हतो. पण आप्पांनी मला सांगितलं होतं. वाफेनं काच धुरकटते, घड्याळ बिघडतं, म्हणून झाकलं. तू त्यांना राक्षस केलंस."

दोघे अक्काकडे बघू लागले. त्या दिवशी ती तिथे होती, आणि हे दोघांनाही माहीत होते. एकोणचाळीस वर्षांत तिला कुणी विचारले नव्हते, आणि न विचारता सांगायची तिला सवय नव्हती. कपाचा कान पकडून ती एक घोट पाणी प्यायली.

तिचे ते पहिलेच वर्ष होते, ती म्हणाली. दुपारी एकामागोमाग तीन ट्रक आले. सहाला सुटायचे होते. साडेपाचला आप्पा ऑफिसचा जिना उतरून खाली आले. साहेबांनी सांगितले होते, सगळे फळ संपल्याशिवाय एकही बाई बाहेर जाता कामा नये. आप्पा येऊन घड्याळासमोर उभे राहिले. ओळीतल्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या, कारण कुणाचे दूधपिते मूल घरी होते, कुणाची सासू आजारी होती. आप्पांनी तोंड उघडले आणि मिटले. मग कोपऱ्यातले रिकामे पोते उचलले, स्टुलावर चढले आणि घड्याळावर टाकले. खाली उतरून म्हणाले, वाफेनं काच धुरकटते.

"घड्याळ वाफेपासून चाळीस हात लांब होतं," अक्का म्हणाली. "हसले नाहीत. आणि वाफेसाठीही झाकलं नाही. थांबा म्हणायला त्यांना तोंड नव्हतं. लाज वाटली म्हणून झाकलं. दुसऱ्या दिवशी ते काढायचीही लाज वाटली, म्हणून तसंच राहिलं. त्या दिवशी घरी येताना ते माझ्यामागे वीस पावलं चालत होते. मी थांबले की तेही थांबायचे."

दादा खुर्चीवर बसला. इतका वेळ तो उभाच होता, हे अक्काच्या आता लक्षात आले. धाकटा खिशातला कागदाचा कपटा शोधू लागला. मग ही वेळ टिपून घेण्याची नाही हे जाणवून त्याने हात बाहेर काढला आणि तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना.

"मी चुकीचं लिहिलं," तो म्हणाला.

"उलटी सुरी धरलीस," अक्का म्हणाली. "बोट नाही गेलं अजून."

दाराच्या मागे ते पोते होते. चिमणीने बोट दाखवले तेव्हा सगळ्यांनी तिकडे पाहिले. घडी करून, दोरी बांधून ठेवलेले. दादाने ते काल संध्याकाळीच कारखान्यातून घरी आणले होते. साहेबांचा हुकूम होता की बाई येऊन जाईपर्यंत घड्याळ उघडे दिसू दे, गुरुवारी सकाळी पोते पुन्हा चढव. इतक्या वर्षांत अक्काने ते इतक्या जवळून पाहिले नव्हते. कळकट होते, पण एवढेसे. भिंतीवर ते केवढे मोठे दिसायचे.

आता बोलण्यासारखे फार उरले नव्हते. अक्का मनात हिशोब करत होती, म्हणजे कुणाचे काय जाईल एवढेच बघत होती. अंगठा दिला नाही तर दादाचे घर जाईल, कदाचित चिमणीचे कामही. दिला तर धाकटा खोटा ठरेल. पण धाकटा तसाही स्वतःला खोटाच समजत होता. त्याला त्याची सवय होती, घर नसण्याची सवय मात्र इथे कुणालाच नव्हती. आणि कागदावर लिहिलेले खोटे आहे हे तर तिला माहीत होतेच. मोजे आठवड्यात फाटतात आणि घालून सोलले तर निम्मे काम होते. पण कुठे काय खरे लिहिलेले असते? तिने कागद पुढे ओढला.

"मला माहीत आहे ते मला माहीत आहे," ती दादाला म्हणाली. "तू तुझं घर बघ. आण ती डबी."

"अक्का, विचार करून दे," दादा म्हणाला. आता त्यालाच ते जड जात होते.

"करून झाला."

धाकट्याने मान खाली घातली. त्याने थांबवावे असे अक्काला वाटले नव्हते, पण तो थांबवणार नाही असेही वाटले नव्हते. असो. तिने उजवा अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. साहेबांनी लिहून दिल्याप्रमाणे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नीट फिरवून.

कागदावर एक निळा गोळा उमटला.

शाई जास्त झाली, असे दादा म्हणाला. चिमणीने जुन्या वर्तमानपत्राला अंगठा पुसून दिला. दुसऱ्यांदा शाई कमी घेतली. या वेळी फिकट गोळा उमटला. कडा स्वच्छ, आणि आत काही नाही. पावसाचा थेंब पडून वाळावा तसा. दादाने डावा अंगठा घ्यायला सांगितला. डाव्याचाही तसाच.

"डबीच खराब असेल," वहिनी म्हणाल्या. "चिमणे, तू लाव बघू."

चिमणीने पाकिटाच्या मागच्या बाजूला आपला अंगठा दाबला. तिथे बारीक बारीक रेषा उमटल्या, एकीत एक गुंतलेल्या, मधोमध एक छोटा भोवरा. पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा. डबी चांगली होती.

मग दादाने, आपल्या बहिणीचा हात किती वर्षांत धरला नव्हता कोण जाणे, तो धरला आणि तिला उठवून खिडकीपाशी नेले. उजेडात एकेक बोट वळवून पाहिले. बोटांची टोके गुळगुळीत होती, चकचकीत, नदीतल्या गोट्यांसारखी. अक्काला त्यात नवल वाटले नाही. सुईत दोरा ओवता येत नाही, पुस्तकाचे पान उलटत नाही, नाणे पकडीतून सुटते, हे तिचे रोजचे होते. पूर्वी मोसम संपला की रेषा परत यायच्या. मग कुठल्या तरी वर्षी यायच्या थांबल्या. त्या कागदावरही उमटणार नाहीत, हे तिच्या मनात आले नव्हते, कारण तिच्या अंगठ्याशी आजवर कुणाला काम पडले नव्हते.

धाकटाही खिडकीपाशी आला होता. "तू सांगितलं होतंस," तो हळूच म्हणाला. "मी लिहिलं. पण मला वाटायचं, मी वाढवून लिहिलं. एकदा तरी बघायला हवं होतं मी."

"रोज जेवायला वाढते तुला," अक्का म्हणाली. "बघितलंस की."

त्याने चष्मा पुसला, पण तो परत डोळ्यांवर चढवायला त्याला बराच वेळ लागला.

दादाने अक्काचा हात सोडला. टेबलाशी जाऊन त्याने तो कागद उचलला, वाचला, खालचे तीन निळे गोळे पाहिले, पुन्हा वाचला. बोटांच्या रेषा पुसल्या जातात हे खोटे आहे, असे वर छापलेले आणि खाली ते गोळे. तो हुशारीसाठी प्रसिद्ध नव्हता, पण नेटका होता. नेटक्या माणसाला एखादी गोष्ट कळायला वेळ लागतो, आणि कळली की मग ती जागची हलत नाही. उरलेले एकोणचाळीस कोरे कागद त्याने पाकिटातून काढून वर-खाली केले. ओळीतल्या बायकांचे चेहरे त्याच्या डोळ्यांसमोरून जात असावेत. सहा जणी नवीन होत्या, त्यांच्या रेषा कदाचित अजून असतील. बाकीच्यांच्या?

"हा फाडून टाकू?" चिमणीने विचारले.

"कशाला? साहेबांनी अंगठा मागितला, अक्कानं दिला." त्याने कागदाला सरळ घडी घातली आणि पाकिटात सगळ्यांत वर ठेवला. "उद्या बाकीच्यांचे घेतो. चाळीस मागितलेत, चाळीस देतो. बाईंच्या हातात द्यायचे आहेत, हातातच देतो."

"साहेब म्हणतील, नीट घेतले नाहीत," वहिनी म्हणाल्या.

"मग त्यांनी खाली येऊन घ्यावेत."

इतक्या शांतपणे तो हे म्हणाला की अक्काला आप्पांचा जिना उतरण्याचा आवाज आठवला. त्यांना सापडले नव्हते ते तोंड या मुलाला बावन्नाव्या वर्षी सापडले होते, आणि त्याचे त्याला कळलेही नव्हते. घराचे काय होईल, हे तिने विचारले नाही. विचारण्याचा हक्क वहिनींचा होता. वहिनी टेबलावरची सांडलेली शाई पुसत होत्या, आणि पुसून झाल्यावरही पुसत राहिल्या.

"भाऊजी," त्या एकदम म्हणाल्या, "वाचनालयामागे तुमच्या खोल्या दोनच ना?"

धाकट्याने दोनच, असे सांगितले. आणि एक अरुंद गच्ची.

"मला खिडकीजवळची जागा लागते. आत्ताच सांगून ठेवते. आणि पुस्तकं आधी तिथून हलवावी लागतील. धूळ मला चालत नाही."

धाकटा म्हणाला, हलवीन. सगळी हलवीन. इतका ठाम तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. चिमणीने त्याच्याकडे बघून डोळे मोठे केले.

दादा दाराशी गेला. पोत्याची दोरी त्याने सोडली, घडी उलगडली. आतून वाळलेल्या रसाचा आणि जुन्या धुळीचा वास आला. तो ते हातात धरून बराच वेळ उभा राहिला, एखादा कपडा कुणाचा आहे हे आठवत असल्यासारखा. मग कुणाकडेच न बघता म्हणाला, "मळलंय फार. आप्पांच्या वेळेपासून पाणी लागलेलं नाही याला. धुवायला काढ जरा."

वहिनींनी ते त्याच्या हातातून घेतले आणि मागच्या अंगणात, स्वतः बांधून घेतलेल्या मोरीत नेऊन टाकले. बादली भरल्याचा आवाज आला, मग धोपटल्याचा. अक्का मागच्या दारात जाऊन उभी राहिली. अंगणात ऊन असे कडक पडले होते की फरशीवर सांडलेले पाणी बघता बघता उडत होते. वहिनींनी पोते पिळले, झटकले, दोरीवर नीट पसरून घातले आणि वाऱ्याने जाऊ नये म्हणून दोन्ही टोकांना चिमटे लावले.

"गुरुवारपर्यंत वाळेल का?" दादाने आतून विचारले.

वहिनींनी डोळ्यांवर हात धरून एकदा सूर्याकडे पाहिले, एकदा पोत्याकडे.

"जाड आहे," त्या म्हणाल्या. "मोसम संपेपर्यंत वाळायचं नाही."